न झालेला स्फोट

साठच्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडला तरुण प्रेक्षकांची निकड भासू लागली होती. जुनं गिऱ्हाईक टीव्हीपुढे जाऊन बसलं होतं आणि भव्य संगीतपटांवर ओतलेला पैसा वसूल होत नव्हता. व्हिएतनाम युद्धाला शिव्या घालणारी लांब केसांची पोरं मात्र तिकीट काढून थिएटरात जात होती. त्यांना गाठायला एमजीएम स्टुडिओने माणूस निवडला तो इटालियन आणि वयाने पंचावन्नच्या पुढचा: मिकेलांजेलो अंतोनिओनी. निवड दिसते तितकी वेडगळ नव्हती. लंडनच्या तरुणाईवरच्या त्याच्या ‘ब्लो-अप’ने (१९६६) गल्लाही भरला होता आणि कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिकही पटकावलं होतं.

पण फेब्रुवारी १९७० मध्ये ‘झब्रिस्की पॉइंट’ लागला आणि साफ झोपला. खर्च सुमारे ७० लाख डॉलर. अमेरिकेतलं उत्पन्न १० लाखांच्याही आत. समीक्षकांनी खरडपट्टी काढली. पुढे १९७८ साली ‘आजवरचे सर्वांत वाईट ५० चित्रपट’ अशा अर्थाच्या नावाचं एक पुस्तक निघालं, त्यातही याला मानाचं पान मिळालं. आणि तरीही गेली पन्नासहून अधिक वर्षं या सिनेमावरून चित्रपटवेड्यांत भांडणं होताहेत. मी भांडतो ते त्याच्या बाजूने, पण वकिली मात्र करणार नाही. पोरांची पात्रं कच्ची आहेत, संवाद लाकडी आहेत आणि मधला भाग रेंगाळतो. हे सगळं मान्य.

गोष्ट थोडक्यात अशी. लॉस एंजेलिसमध्ये विद्यार्थ्यांची सभा चालू आहे, कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांशी वाद रंगलाय. ब्लॅक पँथर पक्षाच्या कॅथलीन क्लीव्हर त्यात स्वतः दिसतात. मार्क नावाचा पोरगा उठतो, मरायची तयारी आहे पण कंटाळून नाही असं काहीसं सुनावतो आणि चालू लागतो. पुढे कॉलेजात पोलिसांशी चकमक होते, एक पोलीस गोळी लागून पडतो. गोळी कुणी झाडली हे दिग्दर्शक धड दाखवत नाही. मार्क एक छोटं विमान पळवतो. वाळवंटात मोटार हाकणारी डारिया त्याला वरून दिसते. तिचा साहेब जमिनींचा धंदा करणारा. दोघं भेटतात, डेथ व्हॅलीत एक दुपार घालवतात. मग विमान रंगवून तो ते परत करायला निघतो आणि उतरताच पोलिसांच्या गोळीने मरतो. विमान पळवून परत आणताना मारल्या गेलेल्या एका तरुणाची बातमी अंतोनिओनीने वाचली होती, तिथूनच हे सुचलं.

झब्रिस्की पॉइंट म्हणजे डेथ व्हॅलीत आटलेल्या प्राचीन तळ्याच्या गाळाचे पिवळट-करडे उंचवटे. नाव पडलंय ते तिथे टाकणखार खणणाऱ्या कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्यावरून. इथल्या धुळीत लोळणाऱ्या अनेक जोडप्यांच्या प्रसंगावरून तेव्हा गहजब झाला. ती सारी जोसेफ चेकिनच्या ‘ओपन थिएटर’ची नटमंडळी होती. पण अनैतिक कामासाठी स्त्रियांना राज्याची सीमा ओलांडून नेलं का, अशी चौकशी सरकारी वकिलांनी केली, १९१०च्या एका कायद्याच्या आधारे! ठिकाण कॅलिफोर्नियातच असल्याने ही शंका हास्यास्पद होती.

माझ्या मते घोळ झाला तो अपेक्षेत. लोक क्रांतीचा सिनेमा बघायला गेले आणि त्यांना दिसला मालमत्तेचा सिनेमा. अंतोनिओनीची नजर पोरांवर ठरतच नाही, ती वस्तूंकडे पळते. जाहिरातींचे अजस्र फलक बघा. किंवा वाळवंटातले प्लॉट विकणाऱ्या कंपनीची जाहिरात बघा: प्लॅस्टिकच्या बाहुल्यांचं हसतमुख कुटुंब, बाहुल्यांचाच बाप, हिरवळ, पोहण्याचा तलाव. ज्या जमिनीवर थेंबभर पाणी नाही ती विकायला हीच माणसं योग्य. बंदुकीच्या दुकानातला प्रसंगही असाच. गिऱ्हाइकाची निकड पाहून दुकानदार नियम बाजूला ठेवतो आणि वर सल्ला देतो, अंगणात कुणाला मारलंत तर त्याला ओढून घरात आणा. एका प्रसंगात पकडला गेलेला मार्क पोलिसाला नाव सांगतो कार्ल मार्क्स. पोलीस शांतपणे स्पेलिंग विचारून टंकतो. असे क्षण लिहायला आत बसून चालत नाही, परका माणूसच लागतो.

आणि मग तो शेवट. मार्कच्या मृत्यूची बातमी डारियाला रेडिओवर कळते. ती साहेबाच्या खडकात बांधलेल्या आलिशान घरी पोहोचते, थोडा वेळ थांबते आणि निघते. बाहेर येऊन घराकडे वळून बघते आणि घर फुटतं. पुन्हा फुटतं. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या कोनांतून. खास बांधलेली प्रतिकृती एकदाच उडवून १७ कॅमेऱ्यांनी हे टिपलं होतं. नंतर एकेक वस्तूची पाळी: कपड्यांचा स्टँड, टीव्ही, फ्रीज. त्यातलं अन्न, पावाचं पाकीट, पुस्तकं, सगळं निळ्या आकाशात संथपणे तरंगत राहतं. विरोधकांना ही हिंसेची चिथावणी वाटली. पण घर उडालेलंच नाही. तिने ते मनात उडवलं, गाडी सुरू केली आणि गेली. बंडाबद्दल इतकी कडवट गोष्ट त्या काळच्या तरुणप्रिय सिनेमांत मला तरी दिसलेली नाही. या सिनेमाला भाबडा म्हणणाऱ्यांनी ही जागा पुन्हा पाहावी.

खरी ठिणगी होती ती नायकात. मार्क फ्रेशेट नट नव्हताच. बॉस्टनच्या रस्त्यावर कुणाशी तरी कडाकडा भांडताना तो निवड करणाऱ्यांना सापडला. बॉस्टनमधल्याच मेल लायमनच्या फोर्ट हिल कम्यूनमध्ये तो राहायचा, सिनेमाची कमाईही तिथेच दिली. १९७३च्या ऑगस्टमध्ये त्याने दोन साथीदारांसह बँक लुटायचा प्रयत्न केला, त्यातला एक पोलिसांच्या गोळीने मेला. वॉटरगेट घोटाळ्याच्या बातम्यांनी आपण पेटलो होतो, असं फ्रेशेटने नंतर सांगितलं. १९७५ मध्ये तुरुंगात व्यायाम करताना गळ्यावर वजन पडून तो गेला, सत्ताविसाव्या वर्षी. नायिका झालेली डारिया हॅलप्रिन मात्र सिनेमातून लवकरच बाहेर पडली आणि नर्तकी आई ॲना हॅलप्रिन हिच्याबरोबर नृत्यातून मनोपचार शिकवणारी संस्था उभारली.

संगीताची कथा वेगळीच. रोममध्ये पिंक फ्लॉइड या बँडने रात्री जागून तुकडे रचले, अंतोनिओनी ते नाकारत राहिला. शेवटी त्यांच्या तीनच रचना सिनेमात आल्या. स्टुडिओने तर त्याला न जुमानता अखेरीस रॉय ऑर्बिसनचं गोड गाणं चिकटवलं, स्फोटानंतर लगेच, म्हणजे कानांना झणका बसलेला असतानाच. पोलीस-विद्यार्थी मारामारीसाठी फ्लॉइडच्याच रिचर्ड राइटने पियानोवर एक धून केली होती. तीही नापास झाली. फ्लॉइडने ती जपून ठेवली आणि १९७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममध्ये वापरली. ‘अस अँड देम’ या गाण्याच्या मुळाशी तीच धून आहे, आणि ते ऐकणाऱ्या बहुतेकांनी ‘झब्रिस्की पॉइंट’चं नावही ऐकलेलं नसतं.