रुग्णनोंदी व आरोग्यसेवा

रुग्णनोंदी व आरोग्यसेवा : रुग्णाचे वय, लिंग, निवासस्थान, लक्षणे, तपासण्यांचे निष्कर्ष, निदान, उपचार व त्यांचा परिणाम यांच्या लेखी किंवा संगणकीय संग्रहास रुग्णनोंदी म्हणतात. त्या मूलतः एका रुग्णाच्या उपचारांतील सातत्यासाठी ठेवल्या जातात. नरसी नामदेव (जि. हिंगोली) यासारख्या गावातील रुग्ण उपकेंद्रापासून मोठ्या शहरातील रुग्णालयापर्यंत जात असता, नोंद सोबत नसल्यास प्रत्येक ठिकाणी पुन्हा तपासण्या कराव्या लागतात व वेळ वाया जातो. अशा अनेक नोंदी एकत्र करून अभ्यासल्यास आरोग्यसेवेतील उणिवाही कळून येतात.

या उपयोगाचे महत्त्व फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी पटवून दिले. क्रिमियन युद्धात (१८५३–५६) जखमांपेक्षा संसर्गजन्य रोगांनी अधिक सैनिक दगावले, हे त्यांनी मृत्यूंच्या आकडेवारीवरून व आकृत्यांच्या साहाय्याने दाखविले आणि सर्व रुग्णालयांत एकसारख्या पद्धतीने नोंदी ठेवाव्यात असा आग्रह धरला.

केवळ रुग्णालयातील नोंदींना एक मर्यादा असते. जो रुग्ण रुग्णालयात पोहोचतच नाही, त्याची नोंद होत नाही. यासाठी ठराविक प्रदेशातील सर्व रुग्णांची नोंद करणारी लोकसंख्याधिष्ठित नोंदणी आवश्यक ठरते. भारतातील अशी पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागासाठी १९८७ मध्ये बार्शी (जि. सोलापूर) येथे नोंदणी सुरू करण्यात आली. बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील गावांत जाऊन क्षेत्र-कार्यकर्ते संशयित रुग्णांचा शोध घेत, लक्षणांविषयी माहिती देत व रुग्णांस तपासणीस पाठवीत. गर्भाशय-ग्रीवेचा कर्करोग हा तेथील स्त्रियांतील प्रमुख कर्करोग असून, अनेक स्त्रिया रोग बळावल्यावरच उपचारास येतात, असे या नोंदींतून दिसून आले. लोकशिक्षणानंतर प्रारंभिक अवस्थेत निदान होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले.

पुढे १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या सु. १,३१,००० निरोगी स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. गावांचे ५२ समूह चार गटांत विभागून तीन तपासणी-पद्धतींची तुलना नेहमीच्या सेवेशी करण्यात आली. स्त्रियांचा सु. आठ वर्षे मागोवा घेऊन कर्करोग व मृत्यू यांची नोंद ठेवण्यात आली. मानवी पॅपिलोमा विषाणूची एकदाच तपासणी देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कर्करोगाने मरण पावल्या. नियंत्रण गटातील ३१,४८८ पैकी ६४ मरण पावल्या. अन्य दोन पद्धतींच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही याच विषाणूच्या तपासणीस प्राधान्य आहे. मात्र नियंत्रण गटास तपासणी न देणे नैतिकदृष्ट्या योग्य होते काय, यावर टीकाही झाली. नोंद ज्यांच्याविषयी ठेवली जाते, त्यांचे हित व संमती हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

नोंदींची उपयुक्तता त्यांच्या अचूकतेवर अवलंबून असते. मृत्यूचे कारण केवळ ‘हृदय बंद पडणे’ असे लिहिल्यास मूळ रोग झाकला जातो. केवळ उद्दिष्टपूर्तीसाठी भरलेले रकाने तर नियोजनाची दिशाच चुकवितात. अभ्यासासाठी नोंदी वापरताना रुग्णाचे नाव व ओळख वगळणे आवश्यक असते. क्षयरोग किंवा एड्स यांसारख्या रोगांत गुप्ततेचा भंग झाल्यास रुग्ण उपचारांपासूनच दूर राहण्याचा धोका असतो. २००२ च्या वैद्यकीय आचारविषयक विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जतन कराव्या लागतात व मागणी केल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली १४ अंकी आरोग्य क्रमांकाद्वारे विविध ठिकाणच्या नोंदी रुग्णाच्या संमतीने जोडण्याची सोय आहे. तथापि साधन कोणतेही असो, गावपातळीवर पहिली नोंद करणारी परिचारिका वा कार्यकर्ती हाच या व्यवस्थेचा पाया असतो. तिने भरलेल्या माहितीचा निष्कर्ष सुधारित सेवेच्या रूपाने त्याच गावी परत पोहोचला, तरच नोंदीचे प्रयोजन सफल होते.