उडते ठेवायचे ते नेमके काय?
(जुनी यंत्रे, नवे प्रश्न : लेखांक 6)

गेल्या लेखांकात आपण बार्शी लाइट रेल्वेच्या एका नियमापाशी थांबलो होतो : इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. 1897 मध्ये कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडहून, बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ नेणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा हा नियम. याच कॅलथ्रॉप यांनी पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवले, हे बार्शीच्या या छोट्या लाइनीच्या अभिमान्यांनाही फारसे ठाऊक नसते. 'रोल्स-रॉइस'चे चार्ल्स रोल्स त्यांचे मित्र. 1910 मध्ये बोर्नमथला रोल्स यांच्या विमानाची शेपटी हवेतच मोडली आणि ते दगावले. त्यानंतर कॅलथ्रॉप 'गार्डियन एंजल' नावाच्या पॅराशूटच्या मागे लागले. 1917 मध्ये ऑर्ड-लीस या अधिकाऱ्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून ते लावून उडीही मारून दाखवली. पण विमानातल्या ब्रिटिश वैमानिकांना महायुद्ध संपेपर्यंत ते सरसकट मिळाले नाही. यंत्र आणि माणूस यांतले आधी काय वाचवायचे, या प्रश्नावर कॅलथ्रॉप यांचे उत्तर स्पष्ट होते. अजून उडणाऱ्या जुन्या लष्करी विमानांच्या बाबतीत तोच प्रश्न आज जरा वेगळ्या तऱ्हेने समोर येतो.

अशी विमाने पडली की 'ऐंशी वर्षांचे म्हातारे उडवायचेच कशाला' ही पहिली प्रतिक्रिया. चौकशी अहवाल मात्र वयाकडे फारसे बोट दाखवत नाहीत. 2 ऑक्टोबर 2019 रोजी अमेरिकेत ब्रॅडली विमानतळावर कॉलिंग्ज फाउंडेशनचे 'नाइन-ओ-नाइन' हे बी-17 कोसळले. विमानात 13 जण होते, 7 गेले. एका इंजिनाची मॅग्नेटो नीट नव्हती. दुसऱ्याच्या स्पार्क प्लगमधली फट ठरल्या मापाबाहेर गेली होती. फट मोजायला साधी फीलर गेज पुरते, आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजमध्ये ती सापडते! बिघाड झाल्यावर वैमानिकाने विमान ज्या रीतीने हाताळले त्यालाही तपास यंत्रणेने दोष दिला, आणि देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यालाही सोडले नाही. 2022 मध्ये डॅलसच्या प्रदर्शनात बी-17 आणि पी-63 एकमेकांवर आदळून 6 जण मेले. तिथे कोणते विमान किती उंचीवर राहणार हे उड्डाणाआधी ठरवलेलेच नव्हते. 2018 मध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगरात 20 जणांसह पडलेले युंकर्स-52 चिंचोळ्या दरीत नको तितके खाली नेले होते. त्याच तपासात विमानाला आतून लागलेला गंजही उघड झाला. अपघात त्याने झाला नव्हता, पण रोज हाताळणाऱ्यांना तो दिसला नव्हता. माझ्या मते खरे नुकसान इथेच झालेले असते. विमान जमिनीवर आदळते त्याच्या कितीतरी आधी ते सांभाळण्याची विद्या ढिली पडलेली असते.

'पण अस्सल ऐतिहासिक वस्तू गेली त्याचे काय?' असा आक्षेप येईल. वस्तू कितपत अस्सल असते तेही पाहू. जर्मनीवर बॉम्ब टाकणारे मूळ 'नाइन-ओ-नाइन' युद्धानंतर भंगारात निघाले. 2019 मध्ये पडले ते 1945 मध्ये बांधलेले दुसरेच बी-17. त्याने युरोपात लढाई पाहिली नव्हती. पुढे अणुचाचण्यांचे धक्के त्याने सोसले, मग वणव्यांवर पाणी टाकले. रंग आणि नाव मागाहून चढले. आपल्या हवाई दलाचे 'परशुराम' हे डाकोटा 2018 मध्ये राजीव चंद्रशेखर यांनी भेट दिलेले. त्यावरचा व्हीपी-905 हा क्रमांक 27 ऑक्टोबर 1947 रोजी श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाच्या स्मरणार्थ आहे. विमान ते नव्हे. यात लबाडी काहीच नाही. उडत्या विमानाचे सुटे भाग बदलतच राहतात, मूळ धातू कमीकमी होत जातो. त्यातून जतन होते ती ते यंत्र चालवण्याची आणि दुरुस्त करण्याची रीत. 1996 मध्ये उडते असे शेवटचे मॉस्किटो विमान इंग्लंडमध्ये पडले तेव्हा ही जात आकाशातून संपली असेच वाटले होते. 2012 मध्ये न्यूझीलंडच्या कारागिरांनी लाकडी सांगाडा नव्याने घडवून दुसरे मॉस्किटो उडवले. मूळ लाकूड परत आले नाही, हात परत आले.

यावरून सगळीच विमाने उडवावीत असे मात्र म्हणता येणार नाही. ज्या जातीचे एकच विमान उरले आहे आणि ज्यात मूळ भाग शाबूत आहेत, ते जमिनीवरच राहावे. तिथे वस्तूच पुरावा असते. डाकोटाची गोष्ट निराळी. ती दहा हजारांहून जास्त बांधली गेली. संग्रहालय म्हणजे कायमची सुरक्षितता, हा समजही तपासायला हवा. 1990 मध्ये पॅरिसच्या विमान संग्रहालयाच्या गोदामाला आग लागून किती तरी जुनी विमाने जळाली, त्यातले एकही उडत नव्हते. चौकात चौथऱ्यावर पावसात कुजणाऱ्या विमानांबद्दल तर न बोललेलेच बरे.

सर्वांत कठीण आक्षेप शोरहॅमचा. ऑगस्ट 2015 मध्ये इंग्लंडमधल्या या गावी प्रदर्शनातले हॉकर हंटर कसरत करताना रस्त्यावर कोसळले; मेलेले 11 जणही जमिनीवरचे होते आणि वैमानिक वाचला. मेलेल्यांतल्या कोणी धोका पत्करलेला नव्हता. या आक्षेपाला कौशल्याचे गोडवे हे उत्तर नव्हे. लोकवस्तीवर आणि वाहत्या रस्त्यावर कसरत नको, तिकीट काढून प्रवासी नेणे नको, हे मान्यच करायला हवे. सरळ रेषेत, ठरल्या उंचीवर, फक्त चालक दलासह उडणाऱ्या विमानातूनही ती विद्या टिकते. हवाई दलाच्या संचलनात डाकोटा एवढेच करते.

विद्या टिकते ती कामामुळे, याचा दाखला कुर्डुवाडीतच आहे. छोटी लाइन ब्रॉडगेज झाल्यावर अरुंद गेजचे काम इथे संपायला हवे होते. पण माथेरानच्या मिनी ट्रेनचे डबे दुरुस्तीला इथल्या वर्कशॉपमध्ये येत राहिले आणि फिटरांचा हात चालू राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला मोडून टाकलेली लिबरेटर विमाने बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने अशाच हातांनी उभी केली. 1968 पर्यंत हवाई दलाने ती वापरली, पुण्याच्या लोहगावहूनही उडवली. त्यांतलेच एक पुढे अमेरिकेत नव्याने बांधले गेले आणि त्याच कॉलिंग्ज फाउंडेशनच्या ताफ्यात उडू लागले. भारतीय लिबरेटरांच्या त्या पुनर्बांधणीची हकिगत पुढच्या लेखांकात.