एका शब्दाची दोन रूपे

रमजान म्हणावे की रमदान, असे मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारते. दोन्ही चालते, असे मी सांगतो. अरबीत 'दाद' नावाचे अक्षर आहे. जिभेची कड दाढांना टेकवून ते जडसर उच्चारतात. अरबांना त्याचा एवढा अभिमान, की आपल्या भाषेला ते 'दादची भाषा' म्हणतात. फारसीत हा उच्चार नाही. तिथे त्याचा 'झ' झाला आणि मराठीत येता येता 'ज'. हजर, अर्ज, मर्जी, जामीन, जप्त, जिल्हा या आपल्या रोजच्या शब्दांत मुळात हाच दाद आहे.

याच अक्षराने सुरू होणारा एक दुर्मिळ शब्द आहे 'दीझा'. आपल्याकडच्या वळणाने 'झीझा'. कुराणात तो एकदाच येतो, 'अन्-नज्म' या ५३ व्या अध्यायाच्या २२ व्या आयतीत. मक्केतील लोकांना स्वतःला मुलगे हवे असत; लात, उझ्झा आणि मनात या देवतांना मात्र ते ईश्वराच्या मुली म्हणत. आपल्याला नको ते दुसऱ्याच्या पदरात टाकायचे, ही कसली वाटणी, असा तिथला सूर आहे. त्या वाटणीचे विशेषण म्हणजे दीझा : अन्यायाची, हक्क बुडवणारी. आणि वाटणीसाठी तिथे शब्द आहे तो 'किस्मत'! आपण त्याचा अर्थ नशीब असा घेतो. मूळ अर्थ वाटा.

वाद आहे तो लेखनाचा. कुराणपठणाच्या सात मान्य परंपरांपैकी सहांत 'दीझा' असाच पाठ आहे. मक्केचे पाठक इब्न कथीर (मृत्यू इ. स. ७३८) मात्र मध्ये 'हम्झा' घेत, म्हणजे गळ्यात क्षणभर श्वास अडवून 'दिअ्झा' म्हणत. हे शक्य झाले, कारण जुन्या हस्तलिखितांत हम्झाची खूण नव्हती. अक्षरांची तीच आकृती दोन्ही प्रकारे वाचता येई. हम्झाची खूण पुढे आठव्या शतकात बसऱ्याच्या अल्-खलील यांनी रूढ केली, असे परंपरा मानते.

एका खुणेने काय बिघडते, असे वाटेल. पण अरबी शब्दकोश धातूंनुसार रचलेले असतात. हम्झा धरला तर धातू एक, 'य' धरला तर दुसरा. सुदैवाने दोन्हींचा अर्थ एकच : हक्कापेक्षा कमी देणे. तिसरा, 'व' असलेला धातूही जवळच आहे. शिकत असताना मी हा शब्द तिथे शोधत बसलो आणि हाती आले खजूर चघळणे! अन्याय शोधायला गेलेला माणूस फराळाला बसला.

व्याकरणकारांचीही अडचण होती. या घडणीची विशेषणे अरबीत होत नाहीत, असा त्यांचा नियम. म्हणून ते म्हणाले, मूळ रूप 'दुय्झा'. 'य' टिकावा म्हणून 'उ'चा 'इ' झाला. 'पांढरे' या अर्थाच्या 'बीद' या अनेकवचनातही असेच घडले, हा त्यांचा दाखला.

शब्द कानाला विचित्र लागतो, ही तक्रारही जुनीच. तेराव्या शतकातील समीक्षक इब्न अल्-अथीर यांचे उत्तर होते, की या अध्यायातील आयतींचा शेवट 'आ'काराने होतो, तिथे दुसरा शब्द बसणार नाही. विसाव्या शतकात इजिप्तचे मुस्तफा सादिक अर्-राफिई यांनी पुढचे पाऊल टाकले : वाटणीच विचित्र, तेव्हा तिला विचित्र शब्दच शोभतो.

मला यात मोलाचे वाटते ते वेगळेच. बाराशेहून अधिक वर्षे हे दोन पाठ शेजारी नांदत आहेत; एकाने दुसऱ्याला खोडले नाही. याचा अर्थ मनाला येईल ते चालते, असा नाही. प्रत्येक पाठामागे गुरूकडून शिष्याकडे आलेली परंपरा आहे आणि ती दाखवावी लागते. म्हणून रमदान म्हणणाऱ्याला किंवा रमजान म्हणणाऱ्याला चूक ठरवण्यापूर्वी त्याचा शब्द कोणत्या वाटेने आला, एवढे विचारावे. नाहीतर आपणच त्याच्या वाट्याला 'दीझा' वाटणी देऊन बसू.