मॅरेथॉनच्या दंतकथा आणि त्यांमागची नोंद

क्रीडाजगतातील गमतीच्या आणि विस्मयकारक प्रसंगांची जी संकलने लोकप्रिय होतात, त्यांत मॅरेथॉन या लांब पल्ल्याच्या शर्यतीचा वाटा बराच मोठा असतो. मोटारीत बसून विजयरेषेपाशी पोचलेला स्पर्धक, शर्यत पूर्ण करायला 54 वर्षे लावलेला धावपटू आणि अनवाणी धावून सुवर्णपदक जिंकलेला सैनिक हे सगळे याच एका शर्यतीने पुरवले आहेत. यांपैकी बहुतेक प्रसंग खरोखर घडले, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. घडलेल्या गोष्टीचा एक तुकडा उचलायचा, त्यातले नियम, पंच, हवामान आणि पुढची वर्षे गाळायची व उरलेला भाग चमत्कार म्हणून सांगायचा, अशी या कथांची घडण असल्यामुळे त्या साफ खोट्या ठरवता येत नाहीत, गाळलेला मजकूर परत भरून पूर्ण कराव्या लागतात. आणि पूर्ण झालेली कथा पुष्कळदा अर्धवट कथेपेक्षा अधिक मजेशीर निघते.

सर्वांत जुना गैरसमज शर्यतीच्या जन्माविषयीचा आहे. इ. स. पू. 490 मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या सैन्याने पर्शियनांचा पराभव केला, ती वार्ता घेऊन फायडिपिडीझ नावाचा दूत अथेन्सपर्यंत धावत गेला आणि विजयाचे शब्द उच्चारून गतप्राण झाला, ही कथा सर्वतोमुखी आहे. मात्र या युद्धाला काळाने सर्वांत जवळचा असा जो सविस्तर वृत्तांत उपलब्ध आहे, तो लिहिणाऱ्या हिरॉडोटस या ग्रीक इतिहासकाराला अशी धाव ठाऊकच नाही. त्याने वर्णिलेला धावक लढाईच्या आधी, मदत मागण्यासाठी, अथेन्सहून स्पार्टाला म्हणजे सुमारे 240 किलोमीटर धावत गेला व दुसऱ्या दिवशी तिथे पोचला. स्पार्टावासीयांनी पौर्णिमेपूर्वी सैन्य बाहेर काढणे आपल्या धर्मनियमात बसत नाही असे सांगून त्याची बोळवण केली, आणि त्या श्रमांनी तो मेला असे हिरॉडोटस कुठेही म्हणत नाही. विजयवार्ता देऊन प्राण सोडणारा दूत जवळजवळ सहा शतकांनंतर प्लुटार्कच्या लेखनात भेटतो आणि तिथे त्याचे नावही वेगळे आहे. नावाची आणि या धावेची सांगड इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ल्यूशन या लेखकाने घातली, तर 1879 मध्ये इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग यांनी दोन्ही धावा एकाच कवितेत गुंफल्यामुळे ही मिश्र कथा आधुनिक युरोपात रूढ झाली. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञांनी या शर्यतीची कल्पना मांडली आणि विजेत्यासाठी चांदीचा चषकही देऊ केला. त्यांनी हिरॉडोटसला प्रमाण मानले असते, तर आजच्या शहरी मॅरेथॉनना हजारोंची गर्दी लोटली असती काय, याची शंकाच आहे. ज्यांना तेवढी हौस आहे त्यांच्यासाठी 1983 पासून अथेन्स ते स्पार्टा अशी 246 किलोमीटरची स्पार्टाथ्लॉन ही स्वतंत्र शर्यत भरते.

याच कथेला जोडून आलेली दुसरी समजूत अशी की 42.195 किलोमीटर हे मॅरेथॉन ते अथेन्स हे ऐतिहासिक अंतर आहे. अथेन्सच्या पहिल्या शर्यतीचे अंतर सुमारे 40 किलोमीटर होते आणि नंतरच्या काही ऑलिंपिकमध्ये संयोजकांच्या सोयीनुसार ते कमीजास्त होत राहिले. आजचा आकडा 1908 च्या लंडन ऑलिंपिकचा आहे: तिथे शर्यतीची सुरुवात विंडसर किल्ल्याच्या राजवाड्याच्या आवारातून झाली, शेवट शेफर्ड्स बुश भागातील स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर झाला, आणि या दोन स्थळांमधील मार्ग 26 मैल 385 यार्ड भरला. त्यानंतर लगेच हे अंतर प्रमाण ठरले असेही नाही; आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स संघटनेने ते 1921 मध्ये निश्चित केले, त्यामुळे त्याआधीच्या वर्षी अँटवर्प येथे धावलेल्यांच्या वाट्याला 42.75 किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर आले.

लंडनच्या या शर्यतीने क्रीडाइतिहासातील एक अतिशय प्रसिद्ध छायाचित्र दिले आणि त्या छायाचित्राने एक तितकाच प्रसिद्ध गैरसमज दिला. 24 जुलै 1908 रोजी इटलीतील कार्पी गावचे, मिठाईच्या दुकानात काम करणारे दोरांदो पिएत्री सर्वांच्या आधी स्टेडियममध्ये शिरले, पण तोवर त्यांचे भान इतके हरपले होते की ते धावपट्टीवर चुकीच्या दिशेला वळले. त्यांना योग्य दिशेला लावल्यावर ते पुन्हा पुन्हा कोसळत राहिले, प्रत्येक वेळी त्यांना उठवण्यात आले आणि शेवटचे काही शे मीटर अंतर कापायला त्यांना दहाएक मिनिटे लागली. छायाचित्रात त्यांच्या लगत दिसणाऱ्या दोघांपैकी एक शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल आहेत, असे अनेक वर्षे छापले आणि सांगितले गेले. वस्तुतः ते दोघे म्हणजे मार्गाचे व्यवस्थापक जॅक अँड्र्यू आणि स्पर्धेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. मायकेल बल्जर होत. डॉइल त्या वेळी ‘डेली मेल’ या वृत्तपत्रासाठी वार्तांकन करीत प्रेक्षकांत बसले होते. त्यांचा खरा सहभाग नंतरचा आहे. बाहेरची मदत घेतल्याबद्दल अमेरिकी पथकाने तक्रार केली, पिएत्री बाद ठरले, सुवर्णपदक जॉनी हेझ यांना मिळाले, आणि पिएत्रींना आपल्या गावी बेकरी थाटता यावी म्हणून डॉइल यांच्या आवाहनावरून वाचकांनी सुमारे 300 पौंडांचा निधी उभारला. राणी अलेक्झांड्रा यांनी पिएत्रींना दिलेला सोनेरी मुलाम्याचा चषक पुष्कळांना ऑलिंपिकचे पारितोषिक वाटतो, परंतु ती राणीची वैयक्तिक भेट होती. या प्रकरणाचा सहसा न सांगितला जाणारा उत्तरार्ध असा, की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बंदिस्त सभागृहातील छोट्या धावपट्टीवर असंख्य फेऱ्या मारून, पिएत्री आणि हेझ पैशासाठी पुन्हा मॅरेथॉन धावले, आणि त्या वेळी पिएत्री कोणाच्याही हाताला न धरता जिंकले.

फसवणुकीच्या कथांत अग्रस्थान 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकला दिले जाते, आणि मॅरेथॉनमध्ये वाहनाचा आधार घेणारे पहिले गृहस्थ म्हणून अमेरिकेचे फ्रेड लॉर्झ यांचे नाव घेतले जाते. हा मान खरे तर आठ वर्षे आधीचा आहे: 1896 मध्ये तिसरे आलेले ग्रीसचे स्पिरिडॉन बेलोकास यांनी वाटेत काही अंतर घोडागाडीतून कापल्याचे हंगेरीच्या ग्युला केलनर यांच्या तक्रारीनंतर उघड झाले आणि तिसरा क्रमांक केलनर यांच्याकडे गेला. लॉर्झ यांच्याबाबतीत तपशील निराळा आहे. सुमारे 14 किलोमीटरनंतर पायांत गोळे आल्याने त्यांनी शर्यत सोडली, एका मोटारीतून ते सुमारे 18 किलोमीटर गेले, वाटेतल्या लोकांना त्यांनी हात हलवून अभिवादनही केले. मोटार बंद पडली तेव्हा ते उतरून धावू लागले आणि थेट स्टेडियममध्ये पोचले. तिथे त्यांचा जयजयकार झाला, बिंग फुटल्यावर ही थट्टा होती असे ते म्हणाले, आणि त्यांच्यावर बंदी आली. ही बंदी आजन्म टिकली ही समजूत मात्र चुकीची आहे. ती लवकरच उठवण्यात आली आणि 1905 मध्ये बॉस्टनची प्रतिष्ठित मॅरेथॉन लॉर्झ यांनी स्वतःच्या पायांनी जिंकली.

सेंट लुईसमध्ये त्यांच्या पाठोपाठ आलेले थॉमस हिक्स हे उत्तेजक द्रव्य घेऊनही सुटलेले विजेते होत, असा आरोप आजही केला जातो. हिक्स यांच्या सहायकांनी त्यांना वाटेत स्ट्रिक्निन, म्हणजे कुचल्याच्या बियांत असणारे विष, अंड्याच्या पांढऱ्या बलकात कालवून दिले आणि वर ब्रँडी पाजली, हे तत्कालीन वृत्तांतात उघडपणे नमूद आहे. उघडपणे, कारण त्या काळी त्याला मनाई करणारा नियमच अस्तित्वात नव्हता आणि अल्प मात्रेतील स्ट्रिक्निन शक्तिवर्धक औषध म्हणून वापरले जात असे. ऑलिंपिकमध्ये उत्तेजकांची चाचणी 1968 साली सुरू झाली. त्या दिवशीची खरी नवलाची गोष्ट विषापेक्षा पाण्याची आहे: 30 ऑगस्टची कडक दुपार, धुळीचे कच्चे रस्ते, पुढे धावणाऱ्या मोटारींचा धुरळा आणि पाण्याची जवळजवळ कुठेच सोय नाही, अशी परिस्थिती असताना हिक्स यांनी मागितलेले पाणीही सहायकांनी नाकारले आणि त्यांचे तोंड फक्त ओल्या स्पंजाने पुसले. 32 जण धावले, 14 पोचले, आणि हिक्स यांची 3 तास 28 मिनिटे 53 सेकंद ही वेळ ऑलिंपिक मॅरेथॉनच्या विजेत्यांमध्ये सर्वांत संथ ठरली. याच शर्यतीत नववे आलेले लेन ताऊन्याने आणि बारावे आलेले यान माशियानी यांना वृत्तपत्रांनी ‘झुलू’ म्हटले व अनेक पुस्तकांनी ते तसेच उचलले, परंतु ते दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना समाजाचे होते. सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात बोअर युद्धाचा जो देखावा सादर होत असे, त्यासाठी ते आलेले होते. ऑलिंपिकमध्ये उतरलेले आफ्रिका खंडातील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ते हेच.

जपानचे शिझो कानाकुरी यांची कथा तर आकड्यासकट सांगितली जाते: 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ते शर्यतीतून नाहीसे झाले, स्वीडनने त्यांना पन्नासहून अधिक वर्षे बेपत्ता मानले, आणि अखेर 54 वर्षे 8 महिने 6 दिवस 5 तास 32 मिनिटे 20.3 सेकंदांत त्यांनी शर्यत पूर्ण केली. आकडा खरा आहे, बेपत्ता असणे मात्र कागदोपत्रीही फारसे टिकत नाही. 14 जुलै 1912 रोजी उष्मा असा होता की जवळजवळ निम्मे स्पर्धक शर्यत सोडून गेले आणि पोर्तुगालचे फ्रान्सिस्को लाझारो यांचा मृत्यू झाला. जहाजाने व सैबेरियातून रेल्वेने अनेक दिवसांचा प्रवास करून आलेले, पायांत ताबी म्हणजे अंगठा वेगळा असणारी जपानी कापडी पादत्राणे घातलेले कानाकुरी वाटेत उन्हाने खचले, मार्गालगतच्या एका घरी त्यांना आश्रय व पेय मिळाले, आणि अपयशाने खजील होऊन संयोजकांना न कळवताच ते मायदेशी परतले. नंतर ते लपून मुळीच बसले नाहीत. 1920 मध्ये अँटवर्पला ते मॅरेथॉन धावले व सोळावे आले, 1924 मध्ये पॅरिसलाही उतरले, आणि 1920 मध्येच त्यांच्या पुढाकाराने हाकोने एकिदेन ही विद्यापीठांची लांब पल्ल्याची सांघिक टप्प्याटप्प्याची शर्यत सुरू झाली, जी आज जपानमध्ये नववर्षाचा सणच मानली जाते. ज्यांचे नाव पुढच्या दोन ऑलिंपिकच्या यादीत आहे, त्यांना शोधण्यासाठी पोलिसांची गरज पडली नसती. 1967 चा समारंभ हा स्वीडनच्या ऑलिंपिक संघटकांनी निधिसंकलनाच्या निमित्ताने आखलेला एक प्रसन्न विनोद होता. 75 वर्षांच्या कानाकुरींनी कोट घालूनच विजयरेषेवरची फीत छातीने तोडली.

अँटवर्पची हीच शर्यत मराठी वाचकांच्या परिचयाच्या मुलखालाही स्पर्श करते, कारण भारताचा ऑलिंपिकशी संबंध 1928 च्या हॉकी सुवर्णपदकापासून सुरू होतो ही समजूत तिच्यामुळे खोडून निघते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना दोराबजी टाटा यांनी 1919 मध्ये तिथल्या क्रीडामेळाव्यात लांब पल्ल्याच्या शर्यती पाहिल्या. शेतकरी वर्गातील ते धावपटू अनवाणी धावत होते, आधुनिक प्रशिक्षणाचा त्यांना गंध नव्हता, तरीही त्यांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या जवळपास पोचत असल्याचे पाहून दोराबजींनी 1920 साठी भारतीय पथक पाठवण्याचा घाट घातला. चार धावपटू आणि दोन कुस्तीगीर अशा त्या छोट्या पथकातील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 2 तास 50 मिनिटे 45.4 सेकंद अशी वेळ देऊन एकोणिसावे आले, सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही, आणि कुस्तीत रणधीर शिंदे यांनी चौथा क्रमांक मिळवला. चौगुले यांच्या पुढे जेमतेम दोन मिनिटांवर जे धावपटू होते, ते स्वीडनच्या लेखी ‘हरवलेले’ कानाकुरीच.

अनवाणी धावण्याचा विषय निघाला की इथिओपियाचे अबेबे बिकिला आठवणे साहजिक आहे, आणि 1960 मध्ये रोमला ते अनवाणी धावले ते बुटांना पैसे नव्हते म्हणून, असे कारणही लगोलग जोडले जाते. सम्राट हेले सेलासी यांच्या शाही रक्षकदलातील हे सैनिक मायदेशी अनवाणी सराव करीत असत. रोममध्ये मिळालेले बूट पायांना नीट बसेनात, तेव्हा फोड येण्याचा धोका पत्करण्यापेक्षा सवयीचा मार्ग त्यांनी व प्रशिक्षक ऑन्नी निस्कानेन यांनी निवडला. त्यांची 2 तास 15 मिनिटे 16.2 सेकंद ही वेळ सोव्हिएत संघाच्या सेर्गेई पोपोव्ह यांच्या 1958 मधील जागतिक उच्चांकापेक्षा पुऱ्या एका सेकंदानेही सरस नव्हती, पण तेवढ्याने तो मोडला. बूट घातले असते तर ते जिंकले नसते, या तर्काला उत्तर 1964 मध्ये टोकियोत मिळाले: आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया होऊन काहीच आठवडे झालेले बिकिला बूट घालून धावले, 2 तास 12 मिनिटे 11.2 सेकंदांत पोचून ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारे पहिले धावपटू ठरले, आणि दुसरा स्पर्धक यायला अजून चार मिनिटे असल्यामुळे मैदानाच्या हिरवळीवर कवायतीचे व्यायाम करू लागले.