ज्वर उतरल्यावर उठणारे पुरळ

नऊ-दहा महिन्यांचे बालक. तीन दिवस 103-104 अंश फॅरनहाइट ज्वर. चौथ्या दिवशी ज्वर एकाएकी उतरतो आणि काही तासांत छाती, पोट व पाठीवर गुलाबी पुरळ उठते. आजी ‘गोवर निघाला’ म्हणून कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवते. आपल्यापैकीही काही जण केसपेपरवर ‘रोमान्तिका’ लिहून मोकळे होतात.

वस्तुतः हा व्याधी रोझिओला होय. जॉन झाहॉर्स्की या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी 1910 मध्ये त्याचे वर्णन केले, परंतु कारण पाऊणशे वर्षे अज्ञातच राहिले. 1986 साली अमेरिकेत प्रौढ रुग्णांच्या रक्तपेशींत एक नवा हर्पिस विषाणू आढळला. 1988 मध्ये जपानमधील यामानिशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच विषाणू रोझिओला झालेल्या बालकांच्या रक्तातून वेगळा केला. हाच ह्यूमन हर्पिस व्हायरस-6. त्याचा ‘बी’ प्रकार या व्याधीचे प्रमुख कारण असून काही बालकांत हर्पिस-7 कारणीभूत असतो.

मातेकडून लाभलेले रक्षण सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरते. त्यामुळे सहा महिने ते दोन वर्षे हे याचे वय. कांजिण्यांच्या विषाणूप्रमाणे हाही शरीरात जन्मभर सुप्त राहतो आणि मोठ्यांच्या लाळेतून अधूनमधून बाहेर पडतो. ‘घरात कोणीच आजारी नाही, मग बाळाला कोठून?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असते.

माधवनिदानातील रोमान्तिका ज्वरपूर्विका खरी, पण तिच्यासोबत कास व अरोचकही सांगितले आहेत. आमच्या मते ते वर्णन गोवराशी जुळते. गोवरात खोकला, वाहणारे नाक, लाल डोळे असतात. पुरळ कानामागून व चेहऱ्यावरून खाली उतरते आणि त्या वेळी ज्वर चढलेलाच असतो. रोझिओलात पुरळ येते तेव्हा ज्वर गेलेला असतो, बालक खेळू लागलेले असते आणि एक-दोन दिवसांत डाग न ठेवता पुरळ मावळते.

हा भेद केवळ पांडित्याचा नाही. 2022 साली मुंबईच्या गोवंडीप्रमाणे आपल्या जिल्ह्यातील मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला. गोवराला रोझिओला समजून बालकास घरी धाडणे ही उलट दिशेची, अधिक घातक चूक. शंका असल्यास लसीकरणाचे कार्ड पाहावे, आरोग्य केंद्रास कळवावे. आणि रोझिओला झाला म्हणजे गोवर ‘होऊन गेला’ असे समजून गोवर-रुबेलाची लस टाळणाऱ्या पालकांना वेळीच थांबवावे.

चिकित्सेबाबत थोडे स्पष्ट बोलतो. तिसऱ्या दिवशी दिलेल्या औषधाने चौथ्या दिवशी ज्वर उतरला, हे श्रेय आम्हीही पूर्वी घेतले आहे. ज्वर स्वभावतःच उतरणार होता. प्रतिजैविक चालू असता पुरळ आले की ‘औषधाची ॲलर्जी’ हा शिक्काही असाच घाईने बसतो. स्तनपान, द्रवपदार्थ, हलके कपडे व ज्वराचे नियमन एवढे बहुधा पुरते. मात्र ज्वरात आकडी आली, बालक सुस्त पडले, दूध सोडले, लघवी कमी झाली किंवा टाळू फुगली, तर विनाविलंब बालरुग्णालयात पाठवावे.

औषधालयाच्या चालकांना एक विनंती. त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ आहे. ‘बाळाला ताप आहे, पाव गोळी द्या’ असे कोणी मागितले, तर चिठ्ठीशिवाय ती देऊ नये.