भाडेकरू ठेवण्यापूर्वी कोणती चौकशी करावी?

नवे गिऱ्हाईक उधारीवर कापड मागू लागले की आम्ही आधी दोन पेढ्यांवर विचारणा करतो. जुनी बिले चुकती होतात का, चेक परत जातात का, हे कळल्याशिवाय एक तागाही दुकानाबाहेर जात नाही. परंतु भिवंडीतील दुकानावरच्या दोन खोल्या 2014 साली आम्ही प्रथमच भाड्याने दिल्या, तेव्हा ही अक्कल कोठे गेली होती कोण जाणे! ओळखीच्या गृहस्थाने "माणूस शरीफ आहे" म्हटले आणि आम्ही किल्ली दिली. लिखापढी काहीच नाही. पाचव्या महिन्यात भाडे थकले. मागावयास गेलो, तर ठरलेले भाडे तो निम्मेच सांगू लागला.

वकिलांनी कायदा दाखविला तेव्हा डोळे उघडले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. वर मालकास 3 महिन्यांपर्यंत कैद वा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही! अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे आपल्या बाजारात अजूनही सांगतात. आपल्या राज्यात लीव्ह अँड लायसन्सलाही ती लागतेच. तसा करार असेल आणि मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो व दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

चौकशीत उत्पन्न पहिले. नोकरदार पगारपत्रक दाखवील. लूमवरच्या कारागिराजवळ ते कोठून येणार? म्हणून आम्ही त्याच्या कारखान्यावर जातो, किती वर्षे टिकून आहे ते विचारतो. बँकेचे पासबुक असल्यास सहा महिन्यांचे पाहतो. दुसरे, जुना घरमालक. येथे एक गोम आहे. सध्याच्या मालकाला तो नकोसा झाला असेल, तर तो तारीफच करील! त्याच्या आधीच्या मालकाला गाठावे. जुन्या गल्लीतल्या किराणावाल्याची वहीही बरेच सांगून जाते. आधार व पॅनची झेरॉक्स घेताना मूळ कार्ड पाहावे, आणि पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती देऊन पोच जपून ठेवावी.

मात्र नाव, गाव किंवा जबान ऐकून कोणाला परत पाठवू नये. आमच्या थोरल्या मुलाला पुण्यात नाव सांगताच चार दारांवरून परतावे लागले. त्याचा पगार किती, हे एकानेही विचारले नाही.

आज त्या खोल्यांत सायझिंगमधला एक कामगार राहतो, बिहारचा. करारावर सही करण्यापूर्वी त्यानेच आमची चौकशी केली: पाणी किती वेळ येते, विजेचे मीटर कोणाच्या नावे आहे, आधीचा भाडेकरू का गेला. तिसऱ्या प्रश्नाला आम्ही खरे ते सांगितले.