धनुष्याचा वाक

१९ सप्टेंबर १९९१ रोजी आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेजवळ, एका गिर्यारोहक जोडप्याला वितळत्या बर्फातून वर आलेला मृतदेह दिसला. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा निघाला. 'ओत्झी' या नावाने तो पुढे जगभर प्रसिद्ध झाला. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, भात्यात १४ बाण होते आणि यू नावाच्या वृक्षाच्या लाकडाचे १.८२ मीटर लांबीचे धनुष्य होते. ओत्झी स्वतः जेमतेम १.६० मीटर उंच. बाणांपैकी १२ अर्धवट होते आणि धनुष्यही अर्धवटच होते. त्यावर तासल्याच्या खुणा अंगभर तशाच आहेत आणि दोरी अडकवायला टोकांना खाचा नाहीत.

धनुष्याचा आकार तर आला आहे, मग राहिले काय? राहिले ते खरे काम. लाकडाची काठी धनुष्याच्या आकाराची झाली म्हणून ती धनुष्य होत नाही. तिचे दोन्ही बाहू सारखे आणि सर्व लांबीभर योग्य प्रमाणात वाकले पाहिजेत. इंग्रजीत या कामाला 'टिलरिंग' म्हणतात. आपण त्याला 'वाक साधणे' म्हणू. त्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो : जिथे बाहू कमी वाकतो तिथले लाकूड थोडे खरवडायचे, जिथे जास्त वाकतो तिथे हात लावायचा नाही. हे वाक्य आम्हांला पाठ होते. ते समजायला मात्र एक धनुष्य मोडावे लागले.

पुढे जाण्यापूर्वी एक सोपा प्रयोग. वर्गातली ३० सें.मी.ची लाकडी पट्टी घ्या. ती आडवी धरली की सहज वाकते, कडेवर उभी धरली की मुळीच वाकत नाही. लाकूड तेच, लांबी तीच. फरक कशाचा? वाकवण्याला होणारा विरोध रुंदीच्या सम प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पट्टी ३० मि.मी. रुंद व ३ मि.मी. जाड असेल, तर ती उभी धरल्यावर आडवीपेक्षा १०० पट ताठ होते. (विद्यार्थ्यांना ३ × ३० चा घन आणि ३० × ३ चा घन यांचे गुणोत्तर काढायला सांगा.)

धनुष्य करणाऱ्याचे सगळे सुखदुःख या घनात आहे. १५ मि.मी. जाडीच्या बाहूवरून एक मिलिमीटर लाकूड काढले तर जाडी सुमारे ७ टक्के कमी होते, पण ताठपणा १९ टक्क्यांनी उतरतो. रंध्याचे दोन हात जास्त फिरले की पाचवा हिस्सा ताकद गेली! आणि काढलेले लाकूड परत चिकटवता येत नाही.

आता आमच्या धनुष्याकडे वळू. लाकूड निवडले धामणीचे. साप नव्हे, वृक्ष. आपल्याकडच्या जंगलांत तो आढळतो. संस्कृतात त्याला धन्वन म्हणतात. धनुष्याशी असलेले नाते नावातच आहे. लाकूड चिवट आणि लवचीक असल्याने अवजारांचे दांडे आणि कावडीच्या दांड्याही त्याच्या करतात. (कावडीची दांडी हीसुद्धा वाकणारी तुळईच. ओझे नेणाऱ्याच्या चालीबरोबर ती कशी लवते ते पाहण्यासारखे असते.) ओळखीच्या एका सुताराकडे कावडीसाठी ठेवलेला, दोन पावसाळे सावलीत वाळलेला सोट मिळाला. त्याने तो पाचर मारून उभा फाडून दिला. करवतीने कापला नाही, कारण करवत सरळ जाते आणि लाकडाचे तंतू सरळ जातातच असे नाही. एका सोटातून दोन धनुष्यांचे लाकूड निघाले, हे आमचे नशीब.

धनुष्याच्या, धनुर्धारीच्या विरुद्ध दिशेला असलेल्या बाजूला पाठ म्हणू आणि त्याच्याकडच्या बाजूला पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. मधल्या एका पातळीत ताणही नसतो आणि दाबही नसतो. पाठीवर तंतू अखंड असणे फार महत्त्वाचे, कारण ताण तंतूंमधूनच वाहतो. म्हणून सालीखालचा पृष्ठभाग पाठ म्हणून जसाच्या तसा ठेवायचा आणि सगळे तासकाम पोटाकडून करायचे.

आम्ही मात्र प्रयोगशाळेतली माणसे. आम्ही व्हर्नियर कॅलिपर आणला. दर १० सें.मी.वर खूण करून दोन्ही बाहूंची जाडी एक दशांश मिलिमीटरपर्यंत जुळवली. खालच्या बाहूवर एके ठिकाणी पाठीला उंचवटा होता, जुन्या फांदीच्या बुडाशी असतो तसा. तो मापात बसेना, म्हणून रंधा मारून सपाट केला. दोरी चढवून ओढली, तर वरचे टोक १२ सें.मी. मागे आले आणि खालचे ८! मापे अगदी सारखी, वाक मात्र असमान. लाकूड म्हणजे पोलाद नव्हे. बुंध्याकडचे आणि शेंड्याकडचे लाकूड एकाच ताठपणाचे असेलच असे नाही. हे आम्हांला माहीत होते, आम्ही शिकवतही होतो, तरी विश्वास ठेवला तो कॅलिपरवर.

मग घाईने खालचा बाहू खरवडला आणि दोन्ही टोके साधारण सारखी आल्यावर, छायाचित्रासाठी, दोरी पुरती ओढली. उंचवटा काढला होता नेमक्या त्याच जागी पाठीचा एक कपचा उचलला आणि धनुष्याचे दोन तुकडे झाले. त्यांतला एक भिंतीवर आपटला. कोणाला लागले नाही, ही केवळ सुदैवाची गोष्ट. सुताराने तुकडे हातात घेऊन पाहिले आणि विचारले, "साहेब, हा फुगवटा काढलात कशाला? तिथून शीर वळली होती." तंतू उंचवट्यावरून वळसा घालून गेले होते आणि आम्ही ते कापून टाकले होते.

दुसऱ्या धनुष्याच्या वेळी कॅलिपर कपाटातच ठेवला.

सुरुवातीला दोरी नसते. एक टोक जमिनीवर टेकवून, मूठ धरून, अंगाचा थोडा भार टाकायचा आणि बाहू कसा लवतो ते पाहायचे. दोन्ही बाहू असे लवू लागले की सैल, लांब दोरी बांधायची, धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर मुठीशी आडवे टांगायचे आणि दोरीला बांधलेली रस्सी खालच्या कप्पीतून घेऊन लांबून ओढायची. लांब उभे राहण्याचे दोन फायदे : धनुष्य मोडले तर तुकडे अंगावर येत नाहीत, आणि सगळा वाक एका नजरेत दिसतो. भिंतीवर खडूने चौकटी आखल्या तर आणखी चांगले. रस्सीत शाळेतला मोठा ताणकाटा अडकवला की कोणत्या अंतराला किती बल लागते तेही कळते. ठरवलेल्या बलाच्या पुढे कधीही ओढायचे नाही, आणि बाहू कुठे ताठ दिसला तर आहे तिथूनही आणखी ओढायचे नाही. आधी खरवडायचे, काचेच्या तुकड्याने किंवा करवतीच्या पात्याच्या तुकड्याने. दर वेळी वीस-तीसदा हलकेच ओढून सोडायचे, मग पुन्हा पाहायचे.

डोळा सरावलेला नसेल तर एक साधन करता येते. १२ सें.मी. लांबीच्या सरळ ठोकळ्याला मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिलीचा तुकडा बसवा. वाकलेल्या बाहूच्या पोटावर ठोकळा टेकवला की त्याची दोन टोके टेकतात आणि मध्ये फट राहते. हवा तसा वाक जिथे असेल तिथल्या फटीइतकी पेन्सिल बाहेर काढा आणि ठोकळा बाहूवरून सरकवत न्या. बाहू जिथे कमी वाकला आहे तिथे फट कमी, म्हणून पेन्सिल टेकते आणि रेघ उमटते. रेघ उमटेल तिथेच खरवडायचे. भौतिकीच्या प्रयोगशाळेतला गोलाकारमापक, म्हणजे स्फेरोमीटर, हेच करतो. ठोकळ्याच्या लांबीच्या वर्गाला वक्रता त्रिज्येच्या आठपटीने भागले की फट मिळते. त्रिज्या ९० सें.मी. असेल तर फट २ मि.मी.; दोरी थोडीच ओढली असेल आणि त्रिज्या १८० सें.मी. असेल, तर १ मि.मी.

त्रिज्येला महत्त्व का? पाठीचे तंतू किती टक्के ताणले जातात ते तिच्यावरच ठरते : निम्मी जाडी भागिले त्रिज्या. जाडी १५ मि.मी. आणि त्रिज्या ९० सें.मी. असेल तर ०.८३ टक्का. बऱ्याचशा टणक लाकडांची सुरक्षित मर्यादा सुमारे १ टक्का असते. बाहू एकाच जागी बिजागरीसारखा वाकला, तर तिथली त्रिज्या एकदम कमी होते आणि मर्यादा ओलांडली जाते. सुके लाकूड तंतूंच्या दिशेने दाबापेक्षा ताण बरेच जास्त सोसते. म्हणून तंतू अखंड असतील तर आधी पाठ तुटत नाही, पोट चुरगळते : आडव्या बारीक सुरकुत्या दिसतात आणि दोरी उतरवल्यावरही बाहू वाकलेलाच राहतो.

मग सगळीकडे सारखी त्रिज्या हवी का? ते बाहूच्या आकारावर अवलंबून आहे. जुन्या एक्स-रे फिल्मची एक पट्टी आयताकृती कापा आणि एक निमुळत्या त्रिकोणाची. दोन्ही टेबलाच्या कडेला दाबून धरा, त्रिकोणाची रुंद बाजू टेबलाकडे, आणि टोकांना छोटे वजन लावा. त्रिकोणी पट्टी वर्तुळाच्या कंसासारखी वाकेल, आयताकृती पट्टी मुख्यतः टेबलाजवळ. वाकवणारा परिणाम टोकाशी शून्य आणि टेबलाजवळ सर्वांत जास्त असतो. त्रिकोणाची रुंदीही त्याच प्रमाणात वाढते. धनुष्याची रुंदी सारखी ठेवायची असेल तर जाडी टोकाकडे कमी करावी लागते, आणि पातळ भाग जास्त वाकला तरी त्याला ते झेपते. अशा धनुष्याचा वाक लंबवर्तुळाच्या तुकड्यासारखा ठेवतात.

आमचे दुसरे धनुष्य आठ संध्याकाळींत झाले. लांबी १६८ सें.मी., दोरी ६० सें.मी. ओढली की काटा ११ किलोग्रॅम दाखवतो. वर्गात ते दाखवताना आम्ही बाणाशिवाय दोरी कधी सोडत नाही, कारण बाणाकडे जायची ऊर्जा मग बाहूंनाच सोसावी लागते. मुलांच्या हाती द्यायची ती पट्टी आणि एक्स-रे फिल्म, धनुष्य नव्हे.

काम संपल्यावर न राहवून कॅलिपर काढलाच. मुठीपासून सारख्या अंतरावर एक बाहू १३.६ मि.मी. जाड होता आणि दुसरा १४.३. दोन्ही वाकतात मात्र सारखे. म्हणजे एकाच सोटाच्या दोन टोकांच्या लाकडांत सुमारे १६ टक्क्यांचा फरक होता. जुलैत हेच धनुष्य पुन्हा टांगले तेव्हा त्याच ६० सें.मी.ला काटा दहाच्या खाली राहिला. पावसाळ्यातल्या दमट हवेत लाकडातल्या पाण्याचे प्रमाण १७-१८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, आणि ओलसर लाकूड मऊ पडते. दोरी उतरवून ते पोटमाळ्यावर ठेवले आहे. मार्चमध्ये पुन्हा मोजू.